यारमूकचा वेढा : मोजून शिधा आत सोडणाऱ्या सरकारने मदत केली म्हणायचं का?

तळ्याकाठी | रवि, रात्री १०:१२

एक फोटो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. दोन्ही बाजूंना पडक्या इमारती आणि मधल्या रस्त्यावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, नजर जाईल तिथवर माणसंच माणसं. ३१ जानेवारी २०१४ चा. सगळे शिध्याच्या खोक्यासाठी उभे आहेत. मागच्या महिन्यात मुलगी शाळेच्या प्रकल्पासाठी चित्रं शोधत होती, तेव्हा तो पुन्हा समोर आला. तिने विचारलं, "आई, हे कुठे आहे?" म्हटलं, सीरियात, दमास्कसला. "मग दमास्कसमध्ये खायला नव्हतं का?"

दमास्कसमध्ये होतं. यारमूक छावणी शहराच्या मध्यापासून साधारण ८ किलोमीटरवर आहे. पुणेकरांसाठी सांगायचं तर स्वारगेट ते हडपसर. त्या टोकाला बेकऱ्या चालू होत्या आणि या टोकाला लोक निवडुंग आणि रानपाला उकळून पोटात ढकलत होते. कुत्र्यामांजरांचं मांस खायला हरकत नाही, असा निर्वाळा ऑक्टोबर २०१३ मध्ये तिथल्या इमामांना द्यावा लागला.

घटनाक्रम असा. यारमूक १९५७ मध्ये वसली. सीरियातल्या यादवी युद्धापूर्वी तिथे सुमारे १,६०,००० पॅलेस्टिनी निर्वासितांची नोंद होती, शिवाय बरेच सीरियन. १६ डिसेंबर २०१२ ला सीरियन हवाई दलाने छावणीवर बॉम्ब टाकले, आतल्या मशिदीत आसऱ्याला आलेली माणसं मेली आणि पुढच्या काही दिवसांत बहुतेक वस्ती बाहेर पडली. मागे राहिले सुमारे १८,०००. आत विरोधी सशस्त्र गट, बाहेर सरकारी सैन्य आणि त्याच्या बाजूचे पॅलेस्टिनी गट. जुलै २०१३ पासून नाका पूर्ण बंद. ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने मार्च २०१४ मध्ये मोजणी प्रसिद्ध केली : १९४ मृत्यू, त्यांतले १२८ उपासमारीचे.

जानेवारी २०१४ मध्ये सरकारने शिधा आत जाऊ द्यायला सुरुवात केली. वाटप उनरवाचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संस्थेचं. पहिल्या काही दिवसांत मिळून आत गेली शे-दीडशे खोकी. एक खोकं एका कुटुंबाला साधारण दहा दिवस पुरतं. मी वहीत हिशेब मांडला. १८,००० माणसं, पाचाचं एक घर धरलं तर ३,६०० घरं, म्हणजे रोज ३६० खोकी हवीत, तीही एक दिवस न चुकता. त्या वर्षी कित्येक दिवस एकही गेलं नाही.

प्रश्न असा आहे. जे काही आत गेलं ते सरकारच्या परवानगीनेच गेलं. सरकारही जगाला तेच सांगत होतं, की आम्ही मदत पोचवू देतो आहोत. याला संकटकाळातला सरकारी प्रतिसाद म्हणायचं, की वेढ्याचाच एक भाग? माझं मत झालेलं आहे, पण तुमचं ऐकायचं आहे.

शेवटची_लोकल | रवि, रात्री १०:४०

बाळबोध प्रश्न आहे, पण विचारतो. छावणी म्हणजे तंबू ना? मग इमारती कुठून आल्या?

कॅम्प_नंबर_तीन | रवि, रात्री ११:०५

@शेवटची_लोकल, मी उल्हासनगरची. आमच्याकडे रिक्षावाला आजही "कॅम्प तीन की कॅम्प चार?" असंच विचारतो. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवलं, १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. आज तंबूचा मागमूस नाही. चार-पाच मजली इमारती, जीन्सचे कारखाने, फर्निचरची दुकानं. नावात मात्र कॅम्प राहिला. माझ्या सिंधी शेजारीण आजी पत्ता सांगताना नुसतं "कॅम्प" म्हणायच्या, शहराचं नाव घ्यायच्याच नाहीत.

यारमूकही तसंच. दोन चौरस किलोमीटरच्या आसपासची दाट वस्ती. शाळा, दवाखाने, कपड्यांचा मोठा बाजार, सगळ्या दमास्कसमधून लोक तिथे खरेदीला यायचे. पण एक फरक मोठा आहे. उल्हासनगरचे सिंधी पहिल्यापासून भारताचे नागरिक. सीरियाने १९५६ च्या २६० क्रमांकाच्या कायद्याने पॅलेस्टिनींना नोकरी, व्यापार, शिक्षणात जवळजवळ सीरियन माणसाइतके हक्क दिले, सैन्यातही घेतलं. नागरिकत्व आणि मत मात्र नाही. शेजारच्या लेबनॉनच्या मानाने हे खूप बरं होतं, म्हणून तर एवढी वस्ती तिथे रुजली. वेढा पडला तेव्हा ही माणसं कोणत्याच सरकारची मतदार नव्हती.

कातळ | सोम, सकाळी ८:२०

धाग्यातली माहिती चांगली आहे, पण मांडणी एकतर्फी वाटते. आत सशस्त्र गट होते हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत. नुस्रा, म्हणजे अल-कायदाची सीरियातली शाखा होती, अकनाफ बैत अल-मक्दिस हा हमासच्या जवळचा मानला जाणारा पॅलेस्टिनी गट होता, आणि एप्रिल २०१५ मध्ये तर आयसिस घुसलं. राजधानीच्या दारात बंदुका घेऊन बसलेले लोक असतील तर कोणतंही सरकार नाकाबंदी करेल. औषधं आणि शिधा आतल्या गटांनी लुटल्याचंही ॲम्नेस्टीच्याच अहवालात आहे. आणि वेढे फक्त सरकारने घातले असंही नाही. नुब्ल आणि झहरा या शिया वस्त्यांना विरोधकांनी वेढलं होतं, तो वेढा फेब्रुवारी २०१६ पर्यंत होता. फुआ आणि कफ्राया तसेच. त्यांच्यावर धागा कधी निघाला का?

मीठभाकर | सोम, सकाळी ८:५१

वाचतेय. कातळ यांचा मुद्दा रास्त आहे, दोन्हीकडचं यायला हवं.

तळ्याकाठी | सोम, दुपारी १:३०

कातळ, नुब्ल-झहराचं तुम्ही आणलंत हे बरं झालं. २२ फेब्रुवारी २०१४ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव २१३९ एकमताने केला. रशिया आणि चीनसकट. त्यात वेढे उठवा असं सांगताना ठिकाणांची नावं घेतली आहेत : जुनं होम्स, नुब्ल आणि झहरा, मोअदमिया, यारमूक, पूर्व घूता, दराया. एकाच वाक्यात दोन्ही बाजूंचे वेढे. म्हणजे तुमचं म्हणणं तिथे मान्य झालेलंच आहे.

पण आत बंदूकवाले आहेत म्हणून १८,००० माणसांचं पीठ बंद करायचं, हे मला पटत नाही. बंदूकवाला उपाशी मरत नाही. तो सगळ्यात शेवटी मरतो. आधी म्हातारी माणसं जातात, अंगावर पिणारी बाळं जातात.

आता १३ जानेवारी २०१४ ची गोष्ट. उनरवाचे सहा ट्रक निघाले. ६,००० लोकांचं अन्न, १०,००० पोलिओचे डोस, औषधं. छावणीचं उत्तरेचं तोंड सरकारच्या ताब्यात, शहराकडून सरळ रस्ता. सरकारने सांगितलं, दक्षिणेच्या तोंडाने जा. म्हणजे सुमारे २० किलोमीटरचा वळसा, लढाई चालू असलेल्या भागातून. वाटेत गोळीबार झाला, उखळी तोफेचा गोळा जवळ फुटला, आणि ताफ्याला माघारी वळावं लागलं. गोळीबार कुणी केला यावर वाद घाला हवा तर. दक्षिणेचा रस्ता कुणी दिला यावर वाद नाही.

रात्रपाळी | सोम, रात्री ११:४८

मी बालरोगतज्ज्ञ आहे, मेळघाटात काही वर्षं काढली आहेत. राजकारणात पडत नाही, पण "मोजून शिधा" याबद्दल वैद्यकीय बाजू सांगावीशी वाटते, कारण बरेच जण समजतात की थोडं तर थोडं, काही नसण्यापेक्षा बरं.

महिनोन् महिने उपाशी राहिलेल्या शरीराने आपली सगळी यंत्रणा कमी आंचेवर ठेवलेली असते. अशा माणसाला एकदम पोटभर जेवू घातलं, विशेषतः भात, साखर, पाव, तर इन्शुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं. हृदयाची लय बिघडते. माणूस जेवल्यानंतर दोन-तीन दिवसांत जातो आणि घरच्यांना कळत नाही की खायला मिळूनही का गेला. म्हणून अतिकुपोषित मुलाला आम्ही आधी एफ-७५ नावाचं पातळ दूध देतो, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, रात्रीसुद्धा उठवून. चार-पाच दिवसांनी, भूक परत आली की एफ-१००, म्हणजे जास्त ताकदीचं दूध. सोबत जीवनसत्त्वं, जंतुसंसर्गावर औषध. यासाठी रोज बघणारी नर्स लागते, तराजू लागतो, स्वच्छ पाणी लागतं.

यारमूकमध्ये वीज नव्हती, सप्टेंबर २०१४ पासून नळाचं पाणी बंद होतं आणि दवाखान्यांत डॉक्टर जवळजवळ उरले नव्हते. आज खोकं आलं, मग तीन आठवडे काही नाही, मग पुन्हा एक. पूर्ण उपासापेक्षा हे बरं, हे खरंच. पण सहा महिने अन्न तोडल्यावर पहिल्यांदा काय आत पाठवायचं हा वैद्यकीय निर्णय असतो, आणि तो नाक्यावरचा सैनिक घेऊ शकत नाही.

माझ्या वॉर्डात एक आई मुलाला लपवून जिलबी भरवत होती. मी तिच्यावर ओरडले होते. ती म्हणाली, "भूक लागली म्हणतो तर देऊ नको?" त्या फोटोतल्या आया आठवल्या की मला ती आठवते.

शेवटची_लोकल | मंगळ, सकाळी ७:१५

डॉक्टर, हे अजिबात माहीत नव्हतं. धन्यवाद. सकाळपासून तेच डोक्यात आहे.

पंचगंगा | मंगळ, सकाळी ११:०२

थोडं अवांतर, पण विषय निर्वासित छावणीचा आहे म्हणून लिहिते. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवडेला १९४३ ते १९४८ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. सैबेरियातून सुटून, इराणमार्गे आलेली. शाळा, चर्च, दवाखाना, स्वतःची दुकानं. तिथे वाढलेले पोलिश लोक म्हातारपणी कोल्हापूरला येऊन आपलं घर शोधून गेले आहेत. माझ्या आजोबांचा तिथे भाजीचा गाडा जायचा. ते सांगायचे, पोलिश बायका कोबी आणि बीट भरपूर घ्यायच्या आणि मोडकं मराठी बोलायच्या. एवढ्या परक्या माणसांना बाजार खुला होता, हे मला आज फार मोठं वाटतं.

कॅम्प_नंबर_तीन | मंगळ, सकाळी ११:२०

पंचगंगा ताई, यावर वेगळा धागा काढाच. आजोबांच्या आठवणींसकट.

कातळ | मंगळ, दुपारी ३:१०

वळिवडेच्या आजूबाजूला युद्ध नव्हतं. तुलना जुळत नाही.

मूळ मुद्द्यावर. तळ्याकाठी, वळशाच्या रस्त्याची गोष्ट मला माहीत नव्हती, ती गंभीर आहे. डॉक्टरांचंही पटलं. तरी एक प्रश्न उरतो. पॅलेस्टिनींचं स्वतःचं नेतृत्व काय करत होतं? अहमद जिब्रील या पॅलेस्टिनी नेत्याचा गट सरकारच्या बाजूने छावणीवर चाल करत होता. आणि एप्रिल २०१५ मध्ये पीएलओच्या, म्हणजे पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या, दूताने दमास्कसमध्ये सांगितलं की आयसिसविरुद्ध संयुक्त लष्करी कारवाईला आमची संमती आहे, आणि रामल्लाहून पीएलओने लगेच जाहीर केलं की आम्ही कोणत्याही लढाईत ओढले जाणार नाही. सगळा दोष एका सरकारवर टाकून बाकीचे सुटतात.

नकाशावेडा | मंगळ, रात्री ९:३३

कातळ, बाकीच्यांना सोडू नका, सहमत. पण शिध्याला अडवायचं किंवा सोडायचं हे पीएलओच्या हातात कधीच नव्हतं. मी या वेढ्यांचे नकाशे गेली काही वर्षं जमवतो आहे, त्यातून दिसलेल्या दोन गोष्टी.

पहिली. जुलै २०१४ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव २१६५ केला. सीरियन सरकारच्या संमतीशिवाय, नुसती सूचना देऊन, शेजारच्या देशांतून चार ठिकाणांहून मदत आणायची मुभा. उत्तर सीरियातल्या लाखो लोकांना त्याचा उपयोग झाला. यारमूकला शून्य. कारण यारमूक कोणत्याच सीमेवर नाही, ती राजधानीच्या पोटात आहे. तिथे जायला देशाची सीमा ओलांडायची नव्हती, रस्त्यावरचा एक नाका ओलांडायचा होता. संयुक्त राष्ट्रांची कचेरी आणि गोदामं त्याच शहरात. अन्न काही किलोमीटरवर पडून होतं आणि सही हवी होती.

दुसरी. २८ मार्च २०१५ नंतर उनरवाला छावणीच्या आत वाटप करता आलं नाही. १ एप्रिलला आयसिस घुसलं, हजारो लोक शेजारच्या यल्दा, बबीला, बैत सहमकडे पळाले. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून तेव्हा म्हणाले की यारमूक म्हणजे नरकाचं सगळ्यात आतलं वर्तुळ झालं आहे. आणि त्याच उन्हाळ्यात संयुक्त राष्ट्रांच्या वेढलेल्या ठिकाणांच्या यादीतून यारमूकचं नाव गेलं. शेजारच्या यल्दामध्ये थोडी मदत पोचत होती म्हणून. आत राहिलेली माणसं तशीच. यल्दात टायफॉइड निघाला तो याच काळात. यादी माणसांनीच केली होती, माझ्यासारख्याच कुणीतरी, टेबलावर बसून. हे मला सीरियन सरकारच्या नाक्याइतकंच सलतं.

मीठभाकर | मंगळ, रात्री १०:०५

भारताने काही केलं का? उगाच नाही, खरंच जाणून घ्यायचं आहे.

नकाशावेडा | मंगळ, रात्री १०:४०

२०११-१२ मध्ये भारत सुरक्षा परिषदेत होता, सीरियावरच्या मतदानात भाग घेतला. मुदत डिसेंबर २०१२ ला संपली, म्हणजे यारमूकवर बॉम्ब पडले त्याच महिन्यात. ठराव २१३९ च्या वेळी आपण टेबलावर नव्हतो. दमास्कसची वकिलात युद्धभर चालू ठेवली. उनरवाला वार्षिक मदत २०१८ पासून ५० लाख डॉलर केली, त्याआधी १२.५ लाख होती. यारमूक तोवर जमीनदोस्त झालेली होती.

श्प्रे_काठचा | बुध, पहाटे २:१८

मी बर्लिनमध्ये राहतो. धागा सगळा वाचला. एक गोष्ट इथे आलेली नाही.

२३ मार्च २०१४. यारमूकमध्ये शिध्यासाठी लोक जमले होते. सरकारच्या बाजूने लढणाऱ्या एका पॅलेस्टिनी सशस्त्र गटातल्या माणसाने त्या गर्दीत रणगाडाविरोधी गोळा डागला. किमान चार माणसं गेली. पुढे तोच माणूस निर्वासित म्हणून जर्मनीत आला, बर्लिनमध्ये राहू लागला. वेढ्यातून वाचून इथे आलेल्या लोकांनी त्याला ओळखलं. ऑगस्ट २०२१ मध्ये अटक झाली आणि २३ फेब्रुवारी २०२३ ला इथल्या वरिष्ठ न्यायालयाने युद्धगुन्हा आणि खुनासाठी जन्मठेप दिली. जर्मन कायद्याने जगात कुठेही घडलेला युद्धगुन्हा इथे चालवता येतो, म्हणून हे शक्य झालं.

ज्या शहरात मी रोज ट्राम पकडतो त्याच शहरात रांगेवर गोळा डागणारा आणि त्या रांगेत उभा राहिलेला, दोघेही राहत होते, हे कळल्यावर मला बरेच दिवस चैन पडलं नव्हतं.

तळ्याकाठी, तुमच्या प्रश्नाला हे जोडून घ्या. शिक्षा झाली ती गोळ्याला. रांग का लागली होती, आठ महिने पीठ कुणी अडवलं होतं, हा प्रश्न त्या खटल्यात आरोपी नव्हता. अंतर्गत युद्धात लोकांना उपाशी मारणं हा गुन्हा आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कायद्यात घालायचं ठरलं डिसेंबर २०१९ मध्ये. सीरिया त्या न्यायालयाचा सदस्यही नाही.

तळ्याकाठी | बुध, सकाळी ९:०९

हे वाचून काय लिहावं कळत नाही. माझं मत आता सांगून टाकते. ज्याच्या हातात नाका आहे आणि जो पोतं अडवून मग त्यातली मूठभर सोडतो, त्याच्या त्या मुठीला मी मदत म्हणणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने या वेढ्यांना नावच दिलं आहे : शरण येईपर्यंत उपासमार. मुठीतलं पीठही त्याच मोहिमेत येतं. ते आत सोडल्यामुळेच वेढा चालू ठेवता येतो आणि जगाला फोटो दाखवता येतो.

कातळ | बुध, दुपारी १२:४४

"त्याच मोहिमेत" इथपर्यंत मी येत नाही. मला वाटतं दमास्कसमध्येच दोन मतं असतील, काहींना खरंच शिधा जावा असं वाटलं असेल. पण "प्रतिसाद" हा शब्द मीही याला वापरणार नाही. आणि रांगेवर गोळा ही गोष्ट मला माहीत नव्हती.

खोरफक्कानचा_रस्ता | बुध, रात्री ११:५५

उशिरा आलो. शारजात नोकरीला आहे. आमच्या कंपनीत बरीच वर्षं यारमूकचा एक जण होता, ड्राफ्ट्समन. त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता, सीरियाने पॅलेस्टिनींना दिलेला प्रवासाचा दाखला होता. २०१३ मध्ये त्याची आई आणि धाकटा भाऊ छावणीतून निघाले, तेव्हा कळलं की त्या दाखल्यावर कुठे जाताच येत नाही. जॉर्डनने वर्षाच्या सुरुवातीलाच सीरियातल्या पॅलेस्टिनींना दार लावलं होतं, इजिप्तने त्या उन्हाळ्यात लावलं. ते लेबनॉनला पोचले. पुढच्या मे महिन्यात तेही बंद झालं. तेव्हा वेढलं होतं ते एकट्या दमास्कसने, असं मला वाटत नाही.

तो जेवणाच्या सुट्टीत रस्त्यांची नावं सांगायचा. लूबिया, सफद. १९४८ मध्ये सुटलेल्या गावांची नावं रस्त्यांना दिलेली. लूबिया रस्ता म्हणजे कपड्यांचा बाजार, ईदच्या आधी पाय ठेवायला जागा नसायची.

मे २०१८ मध्ये सरकारने महिनाभर बॉम्बफेक करून छावणी परत घेतली. नंतर लूट झाली. तिकडे त्याला "तअफीश" म्हणतात, घरातलं सामान उचलणं. सोफे, फ्रिज तर गेलेच, पण भिंती फोडून तांब्याच्या तारा काढल्या, फरशा उखडल्या, खिडक्यांच्या चौकटी नेल्या. पुढे परत राहायला जायचं तर घराची कागदपत्रं आणि सुरक्षा खात्याची परवानगी लागायची. त्याने अर्ज केलाच नाही, भावाचं नाव कुठल्या यादीत असेल या भीतीने.

मीठभाकर | गुरु, सकाळी ८:३०

आता कुठे आहे तो? डिसेंबर २०२४ मध्ये असदची सत्ता गेल्यावर काही फरक पडला?

खोरफक्कानचा_रस्ता | गुरु, रात्री १०:२०

गेल्या वर्षी जाऊन आला. परवानगी लागली नाही. आजोबांची कबर सापडली नाही. १९८२ पासून बेपत्ता असलेल्या इस्रायली सैनिकांचे अवशेष शोधायला रशियन सैनिकांनी ती दफनभूमी खणली होती, त्याआधी बॉम्बही पडले होते. घर तिसऱ्या मजल्यावर. जिना उभा आहे, कठडा नाही. आतली भिंत शाबूत आहे, स्विचबोर्डांच्या जागी भोकं आहेत.

त्याची आई लेबनॉनमध्येच आहे आणि परत जायचंच म्हणते. तिच्या दोन अटी आहेत, नळाला पाणी आणि जिन्याला कठडा. पाण्याचं त्याच्या हातात नाही. कठड्यासाठी त्याने तिथल्या एका वेल्डरकडून भाव घेतला आहे आणि मला परवा फोन करून विचारत होता, इथून लोखंडी पाइप पाठवले तर स्वस्त पडतील का. मी चौकशी करतो आहे. कुणाला शारजा किंवा दुबईहून दमास्कसला सामान पाठवायचा अनुभव असेल तर सांगा.